दाजींचा हम

माझ्या बहिणीचं लग्न ठरत होतं तेव्हा आईने मुलाबद्दल एकच प्रश्न विचारला होता, "घरी असतो ना?" आमच्या वडिलांची नोकरी फिरतीची, त्यामुळे तिची अट तेवढीच. दाजी घरी असायचे. कामाची वेळ सोडली तर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचे नाहीत. पण घरी असणं वेगळं आणि एका जागी बसणं वेगळं, हे आईला लग्नानंतर कळलं. जेवताना तोंडात घास असतानाच ते उठायचे, आतल्या खोलीत जाऊन काहीतरी बघायचे आणि परत पानावर येऊन बसायचे.

"जावयाच्या पायाला भिंगरी आहे," आई म्हणाली.

"पायाला नाही," ताई म्हणाली, "कानाला आहे."

आतल्या खोलीत होता तो त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेला अॅम्प्लिफायर. जुन्या व्हॉल्व्हचा. व्हॉल्व्ह म्हणजे काचेची बंद नळी. आतली तार तापून निखाऱ्यासारखी लालसर होते, आणि रेकॉर्डच्या सुईवरून आलेला मुंगीएवढा आवाज स्पीकरची छाती हलवण्याइतका मोठा होतो. आजोबांच्या काळातले रेडिओ यावरच चालायचे. पुढे नखाएवढे भाग निघाले आणि लोकांनी व्हॉल्व्ह भंगारात काढले. दाजींनी ते भंगारातून घरात आणले.

सुरुवात एका मोडक्या रेडिओपासून झाली. कुठल्याशा कार्यालयाच्या अडगळीत तो पडला होता. दाजींनी सहज म्हणून वीज जोडली तर आतले व्हॉल्व्ह एकेक करून उजळले. "मेलेला माणूस उठून बसावा तसं वाटलं," ते मला सांगत. त्या दिवसापासून त्यांचं बाकीच्या गोष्टींतलं लक्ष जे उडालं ते उडालंच. पहिला अॅम्प्लिफायर त्यांनी ताईचं केक भाजायचं पत्र्याचं भांडं उपडं घालून त्याच्यावर बांधला. ताईला भांडं सापडेना. तिने विचारलं तर म्हणाले, "आहे की. वापरात आहे." ती आतल्या खोलीत गेली, भांड्याला पडलेली गोल गोल भोकं बघितली आणि एवढंच म्हणाली, "आता यात केक केला तर खालून गळेल."

भोकांत व्हॉल्व्ह, मागे लोखंडी पट्ट्यांचा जड ट्रान्सफॉर्मर, आणि उपड्या भांड्याच्या पोटात तारांचं जाळं. त्या जाळ्यात घरातल्या विजेपेक्षाही जास्त दाबाची वीज खेळते. बटण बंद केल्यावरही कंडेन्सर नावाचा भाग ती बराच वेळ धरून बसतो, आणि चुकून हात लागला तर माणूस आडवा. म्हणून दाजी आत काम करताना डावा हात कायम पाठीमागे धरत. दोन्ही हात आत गेले तर वीज एका हातातून शिरून छातीवरून दुसऱ्या हातात जाते, तसं होऊ नये म्हणून. मास्तरांनी शिक्षा केल्यासारखे ते टेबलापाशी उभे असायचे. एक हात मागे, दुसऱ्या हातात सोल्डरिंगचा डाग द्यायची कावी, आणि तोंडात तारेचा तुकडा.

नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात, ऑपरेटरची. मी एकदा आत गेलो होतो. दार उघडलं की आवाज अंगावर येतो. भल्या मोठ्या मोटारी ओळीने घुमत असतात, पायाखालची फरशी थरथरते, आणि समोरच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. त्या गदारोळात दाजी हात मागे बांधून येरझाऱ्या घालायचे आणि मधेच थबकायचे. "तीन नंबरचा सूर बदलला," म्हणायचे. मग मोटार उघडली की बेअरिंग जायला आलेलं असायचं. म्हणून तिथले लोक त्यांना कानसेन म्हणत. खात्याने कानावर लावायची जाड गाद्यांची झाकणं दिली होती; ती कपाटात धूळ खात पडली होती. "कान झाकले तर मशीनचं दुखणं कळणार कसं?" हे दाजींचं म्हणणं. कानसेनच लावत नाही म्हटल्यावर बाकीचेही लावत नव्हते.

आता मुख्य गोष्ट. अॅम्प्लिफायर सुरू केला आणि गाणं लावलं नाही, तर स्पीकर खरं म्हणजे गप्प असायला हवा. पण तो अगदी गप्प कधीच नसतो. मागे कुठेतरी मधमाशांच्या पोळ्यासारखं घुं होत राहतं. विजेचीच ती गुणगुण. या धंद्यात त्याला हम म्हणतात. चांगल्या अॅम्प्लिफायरमध्ये तो इतका बारीक असतो की स्पीकरला कान लावल्याशिवाय कळत नाही. दाजी स्पीकरला कान लावायचे.

लावायचे आणि तोंड आंबट व्हायचं. "आहे. अजून आहे."

मग शोध सुरू. तारा घट्ट पीळ घालून कोपऱ्याकोपऱ्याने न्यायच्या. ट्रान्सफॉर्मर फिरवून आडवा बसवायचा. अर्थिंगच्या सगळ्या तारा एका बिंदूवर आणायच्या. आज पुढच्या टोकाला, उद्या मागच्या. कधी नवीन कंडेन्सर, कधी दुसरा व्हॉल्व्ह, कधी ट्रान्सफॉर्मर स्वतःच्या हाताने पुन्हा गुंडाळायचा. प्रत्येक बदलानंतर दोन-तीन दिवस ते खूश असायचे. ताईला बोलवायचे, "ऐक. आहे का?"

ताई वाकून ऐकायची. "नाही."

"नीट ऐक."

"नीटच ऐकतेय. मला काही ऐकू येत नाही."

"तुझे कान जाड आहेत," दाजी म्हणायचे, आणि आठवड्याच्या आत अॅम्प्लिफायर उपडा होऊन त्याची आतडी टेबलावर पसरलेली असायची.

ताई प्रसूतिगृहात नर्स. पोटावर नळी टेकवून आतल्या बाळाचे ठोके ऐकणं हे तिचं रोजचं काम. आजूबाजूला बायका कण्हत असतात, ट्रॉल्यांची खडखड चालू असते, आणि त्यातून तिला ते घड्याळाच्या टिकटिकीएवढे ठोके वेगळे काढायचे असतात. तिचे कान जाड कसे असतील, हा प्रश्न इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणालाच पडला नाही. घरात एका माणसाला कानसेन ठरवलं की बाकीचे आपोआप बहिरे ठरतात.

मी या सगळ्याचा साक्षीदार, कारण माझं घर दोन गल्ल्या पलीकडे आणि माझं सुट्टीच्या दिवशीचं ठाणं ताईकडे. एकदा दाजींनी असा काही अॅम्प्लिफायर बांधला की मी खुर्चीतून उठेना. व्हायोलिनची रेकॉर्ड लावली होती. वाजवणाऱ्याचं बोट तारेवरून घसरताना ऐकू येत होतं. मी म्हटलं, "दाजी, हा मला द्या. माझ्या घरी राहू दे."

"घेऊन जा," ते म्हणाले. "फक्त पुढच्या रविवारी न्या. थोडंसं काम राहिलंय."

पुढच्या रविवारी मी पिशवी घेऊन गेलो, तर केकच्या भांड्यात नुसती भोकं. "मेहुणे, तुम्ही गेल्यावर मी परत ऐकला," दाजी म्हणाले. "हम होता." चेहरा असा, की जणू माझ्या घरी आजारी जनावर पाठवण्यापासून ते थोडक्यात वाचले होते.

ती व्हायोलिनची रेकॉर्ड ही त्यांची परीक्षेची रेकॉर्ड. सुरुवातीचा संथ भाग वाजवायचा, ऐकायचा आणि सुई उचलायची. माझी भाची त्या रेकॉर्डबरोबर लहानाची मोठी झाली, पण तिची दुसरी बाजू तिने कधी ऐकली नव्हती. मैत्रिणीला एकदा म्हणाली, "आमच्याकडे गाणं संपत नाही. थांबतं."

पोरगी बापावर गेली नाही. शांत, एका जागी बसून तासन्‌तास अभ्यास करणारी. शिक्षण संपलं आणि दुसऱ्या गावच्या एका कारखान्यात तिला मुलाखतीला बोलावलं. तिला स्टेशनवर सोडायला म्हणून दुपारी मी गेलो होतो. ताईची धांदल चाललेली. भाचीचा ड्रेस ऐनवेळी चुरगळलेला निघाला, आणि इस्त्री लावायला घरात सोयीची एकच जागा, ती आतल्या खोलीत दाजींच्या टेबलामागे. ताईने तिथला प्लग काढला, इस्त्रीचा लावला आणि पलंगावर चादर पसरून इस्त्री करायला लागली.

दाजी कामावरून आले. कपडे न बदलता सरळ आत गेले आणि अॅम्प्लिफायरचं बटण दाबलं. खिडकीतून ऊन येत होतं. त्या उजेडात व्हॉल्व्हची लाली तशीही दिसत नाही. ताईकडे आणि माझ्याकडे पाठ करून ते गुडघ्यावर बसले, स्पीकरला कान लावला आणि डोळे मिटले. बराच वेळ तसेच.

"आज जास्त आहे," ते म्हणाले. "कालपेक्षा जास्त."

ताईचा हात थांबला. तिने इस्त्रीच्या वायरकडे बघितलं. वायरीवरून नजर प्लगपाशी गेली, तिथून टेबलाखाली लोंबणाऱ्या दुसऱ्या प्लगवर.

"काय आहे?" तिने विचारलं.

"हम. स्पष्ट येतोय. मागच्या कंडेन्सरमध्येच काहीतरी आहे, मी म्हणत होतो."

"अहो," ताई हळूच म्हणाली, "मी प्लग काढलाय."

दाजींनी डोळे उघडले नाहीत. "कसला?"

"तुमच्या त्याचा. मघाशीच काढला. इस्त्रीसाठी."

ते उठले. व्हॉल्व्हला बोट लावलं. चालू असता तर चटका बसला असता. व्हॉल्व्ह गार होता. त्यांनी दुसऱ्याला लावून बघितलं, मग तिसऱ्याला. प्लग हातात घेऊन पाहिला. मग परत स्पीकरला कान लावला, आणि या वेळी डोळे उघडे ठेवून आमच्याकडे बघत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना. मी भाचीची बॅग उचलून बाहेरच्या खोलीत गेलो.

बाहेरून मला दिसत होतं. त्यांनी कपाटाच्या दाराला कान लावला. भिंतीला लावला. खिडकी लावून घेतली, पंखा बंद केला. स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजचा प्लग काढला. "शेजाऱ्यांकडे काही चालू असेल," म्हणाले आणि जिन्यात जाऊन उभे राहिले. परत आले ते पलंगाच्या कडेला बसले आणि दोन्ही हातांनी कान घट्ट दाबले. आवाज बाहेरचा असता तर कमी झाला असता.

"वाढला," ते म्हणाले.

भाचीला मी गाडीत बसवून दिलं. ती खिडकीतून म्हणाली, "मामा, बाबांना डॉक्टरकडे घेऊन जा. ते ऐकणार नाहीत, तरी घेऊन जा." पण दाजींनी काहीच विरोध केला नाही. दुसऱ्याच दिवशी मुकाट्याने माझ्या मागे स्कूटरवर बसले.

कानाच्या डॉक्टरांकडे तपासणीसाठी एक लहानशी खोली होती, कपाटाएवढी, आतून जाड फोम लावलेली. आत बसायचं, कानावर हेडफोन घालायचे, हातात एक बटण, आणि आवाज ऐकू आला की दाबायचं. तपासणारी मुलगी काचेपलीकडे यंत्रापाशी बसली. मी तिच्या शेजारी उभा होतो. तिच्यासमोरचा दिवा लागला तो लागलेलाच राहिला. तिने यंत्र बंद करून परत सुरू केलं. दिवा लागलेलाच. तिला वाटलं बटण अडकलं. दार उघडून बघितलं, तर दाजी अंगठ्याने बटण दाबून ताठ बसलेले. "सारखाच येतोय," ते म्हणाले. "सोडू केव्हा?"

डॉक्टर मध्यमवयीन होते, घाई नसलेले. त्यांनी दाजींना पंपघराबद्दल विचारलं, किती वर्षं, रोज किती वेळ, कानाला काही लावता का. मग म्हणाले, "सततच्या मोठ्या आवाजाने आतला कान झिजतो. बाहेरून काही यायचं कमी झालं की मेंदू ती जागा स्वतःच भरून काढतो. बहुतेकांना शिट्टी ऐकू येते. तुम्हाला घुं येतंय."

"किती दिवसांपासून असेल?"

"ते तुम्हीच सांगायचं. तुम्हाला कधी जाणवलं?"

 दाजींना केव्हापासून जाणवत होतं ते मला माहीत होतं आणि त्यांनाही.

"यावर इलाज काय?" मी विचारलं.

"झिजलेलं परत येत नाही. पुढचं वाचवायचं. कान झाका. आणि त्या आवाजाच्या मागे लागू नका. जितकं लक्ष द्याल तितका तो मोठा होईल."

परत येताना सिग्नलला थांबलो तेव्हा मागून दाजी म्हणाले, "मेहुणे, तुमचा तो अॅम्प्लिफायर. त्यात हम नव्हता."

"असू दे, दाजी."

"नव्हताच," ते म्हणाले. हिरवा दिवा लागला तेव्हा त्यांनी माझा खांदा घट्ट धरला होता.

त्यानंतर दाजींनी टेबल आवरलं. कावी, पक्कड, तारांची रिळं, सगळं खोक्यात घालून माळ्यावर टाकलं. व्हॉल्व्ह कापडात गुंडाळून खालच्या खणात ठेवले. आम्हाला वाटलं, आता तरी हा माणूस जरा टेकेल. झालं उलटंच. घरातल्या घरात त्यांचं चालणं वाढलं. नळाचे वायसर बदलले, जे गळत नव्हते त्यांचेही. सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. मग शेजाऱ्यांच्या बिजागऱ्या. ताईचं शिलाई मशीन खोललं, जोडलं, परत खोललं. माझ्याकडे आले आणि माझी चांगली चालणारी दारावरची बेल काढून घेऊन गेले. बसले की पाय हलायचा, उभे राहिले की बोटं. रात्री झोप नाही, कारण बाहेरची वर्दळ थांबली की आतलं घुं वर यायचं.

ताईने सहन केलं, मग एके दिवशी संध्याकाळी ती ड्यूटीवरून आली तर स्वयंपाकघराच्या फळ्या भिंतीवरून उतरवलेल्या आणि डबे जमिनीवर. फळ्या एक बोटभर तिरक्या आहेत असं दाजींना वाटलं होतं. ती डब्यांच्या मधोमध स्टूल ओढून बसली. मी फळ्या परत चढवायला मदतीला म्हणून आलो होतो. हातात ड्रिल घेऊन उभा राहिलो.

"तू सांगत होतीस," दाजी एकदम म्हणाले. "दर वेळी सांगत होतीस. ऐकू येत नाही म्हणून."

"सांगत होते."

"मग जोरात का नाही सांगितलंस?"

"जोरात सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. त्यात हम कुणाला ऐकू आला असता?"

मला हसू आलं. दाजींना आलं नाही.

"मी तुझे कान जाड म्हणायचो."

"म्हणायचात. दिवसभर मी पोटातल्या बाळांचे ठोके ऐकते. एखादा चुकला तर डॉक्टरला धावत बोलावते. आणि घरी आले की माझे कान जाड." ती हे रागाने म्हणत नव्हती, थकून म्हणत होती. "मला वाईट वाटायचं. मग सवय झाली."

दाजी फळी हातात धरून उभे. माणसाला माफी मागायची असली की हातातली वस्तू कुठे ठेवावी हे सुचत नाही. शेवटी त्यांनी ती माझ्याकडे दिली.

"चांगले चांगले मोडले मी," ते म्हणाले. "किती, ते आठवतसुद्धा नाही."

"मग परत बांधा," ताई म्हणाली. "तुम्ही बांधायचं, मी ऐकायचं. मी हो म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही. वर अपील नाही. कबूल असेल तर खोकं काढा खाली. नसेल तर माझ्या फळ्या मुकाट्याने लावून द्या."

फळ्या मी एकट्यानेच लावल्या. दाजी माळ्यावर चढले होते.

कबूल करणं सोपं होतं. पाळताना त्यांचा जीव वरखाली व्हायचा. नवीन अॅम्प्लिफायर उभा राहिला, या वेळी नव्या पत्र्यावर, ताईच्या भांड्यांना धक्का न लावता. तो पहिल्यांदा सुरू केला तो दिवस मी बघितला. ताई स्पीकरसमोर पाट घेऊन बसली. दाजींना तिने खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं. ते स्पीकरकडे बघत नव्हते, तिच्या तोंडाकडे बघत होते. निकालाच्या दिवशी फळ्याकडे बघतात तसे.

तिने ऐकलं. मान तिरकी करून पुन्हा ऐकलं. मग म्हणाली, "आहे."

"काय?"

"आहे. अगदी बारीक. उजव्या स्पीकरमध्ये थोडा जास्त वाटतो."

दाजींच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांच्या लग्नाच्या फोटोतही बघितलेलं नाही. ताईने ऐकलेला हम. दुसऱ्या माणसाच्या कानाने ऐकलेला, खरा, बाहेरचा. त्यांनी लगेच प्लग काढला, कंडेन्सर रिकामा होऊ दिला, डावा हात मागे घेतला आणि आत वाकले. उजव्या बाजूच्या व्हॉल्व्हची तार पत्र्यापासून सुटून वर आली होती, आवाजाच्या तारेला जवळजवळ चिकटलेली. ती खाली दाबून बसवली आणि प्लग परत लावला.

"आता?"

ताईने ऐकलं. "नाही."

"नक्की?"

"नाही."

"एकदा परत—"

ती उठली, प्लग काढला, खालचं झाकण त्यांच्या हातातून घेतलं, अॅम्प्लिफायर गार झाल्यावर स्वतः उपडा केला आणि झाकणाचे स्क्रू पिळून टाकले. मग स्क्रू-ड्रायव्हर पर्समध्ये टाकला आणि ड्यूटीला निघून गेली. दाजी त्या संध्याकाळी माझ्याकडे चार वेळा आले. चौथ्या वेळी मी माझा स्क्रू-ड्रायव्हर लपवून ठेवला होता.

एकदा मी गेलो तर घरात वेगळंच काहीतरी वाजत होतं. द्रुत, उड्या मारत जाणारं. मला वाटलं नवीन रेकॉर्ड आणली. ताई म्हणाली, "तीच आहे. मी उलटी केली." दाजी खुर्चीच्या अगदी टोकावर बसले होते, पळायच्या तयारीत असल्यासारखे, पाय सारखा हलत होता. पण बसले होते.

"तुम्हाला त्यात हम ऐकू येतोय?" मी विचारलं.

"येतोय की," ते म्हणाले. "तो माझा आहे. अॅम्प्लिफायरचा नाही."

पंपघरात त्यांनी कानावर झाकणं लावायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी सगळे हसले. कानसेन बहिरा झाला, असं म्हणाले. दाजींनी कुणाला भाषण दिलं नाही, एकेकाला धरून बाहेर जिन्याखालच्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं आणि विचारलं, "आता काय ऐकू येतंय?" बहुतेक म्हणाले, काही नाही. एक जुना फिटर मात्र मान तिरकी करून ऐकत राहिला. मग म्हणाला, "शिट्टी. मला वाटलं ती पंपाचीच." त्यालाही दाजींनी त्याच डॉक्टरांकडे नेलं. झाकणं लावून मोटारीचं दुखणं कळत नाही हे खरंच होतं. त्यावर दाजींनी लाकडी दांडा वापरायला सुरुवात केली. एक टोक मोटारीच्या अंगावर, दुसरं तळहातावर. थरथर हाताला कळते, म्हणतात. सुरुवातीला त्यांचे अंदाज चुकले, एक चांगली मोटार त्यांनी उगाच उघडायला लावली आणि साहेबांची बोलणी खाल्ली. आता कमी चुकतात.

भाचीला ती नोकरी लागली. ती जाताना अॅम्प्लिफायर मागायला लागली. मी म्हटलं, माझा नंबर आधी आहे, पण मुलीपुढे मेहुण्याचं काय चालतं? दाजींनी तो स्वतःच्या हाताने गोधड्यांत बांधला, व्हॉल्व्ह काढून वेगळे दिले, कुठला कुठे बसवायचा ते प्रत्येकावर रंगाचा ठिपका लावून सांगितलं. आणि तो गेल्यावर रिकाम्या टेबलाभोवती फिरायला लागले.

पंधरा-वीस दिवस झाले असतील. फोन आला तेव्हा दाजी दाढी करत होते.

"बाबा," भाची म्हणाली, "हम येतोय."

"किती?"

"खोलीच्या दारातून ऐकू येतोय. शेजारच्या काकूंनाही येतोय. मी मुद्दाम बोलावून विचारलं."

"हात लावू नकोस कशाला," दाजी म्हणाले. अर्ध्या तोंडाला साबण होता. तसाच पुसला, कावी आणि पक्कड पिशवीत टाकली, ताईचा स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला, आणि पहिल्या गाडीने गेले. ताई मला फोनवर म्हणाली, "लग्नालासुद्धा इतके वेळेवर आले नव्हते."

तिथे पोचल्यावर त्यांना फार काही करावं लागलं नाही. भाचीने अॅम्प्लिफायर जागा नाही म्हणून फ्रिजच्या पाठीला लावून ठेवला होता, आणि फ्रिजच्या मोटारीचा सगळा प्रताप त्याच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये उतरत होता. दाजींनी तो उचलून खिडकीखाली नेला. भाचीने ऐकलं, नाही म्हणाली. शेजारच्या काकूंना बोलावलं, त्याही नाही म्हणाल्या. दाजींनी झाकण उघडलं नाही, हे भाचीने मला शपथेवर सांगितलं. काम दहा मिनिटांचं. पण ते चार दिवस राहिले. तिच्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं, काकूंचा मिक्सर दुरुस्त केला, आणि घरमालकाच्या माळ्यावर काय काय पडलंय त्याची चौकशी केली.

परत आले तेव्हा मी ताईकडेच होतो. दार उघडलं तर दाजींच्या काखेत जुना बंद पडलेला रेडिओ, धुळीने माखलेला, मागचं पुठ्ठ्याचं झाकण अर्धं तुटलेलं.

"आतले सगळे व्हॉल्व्ह शाबूत आहेत," ते म्हणाले. "दोन तर मी कधी बघितलेलेसुद्धा नाहीत."

ताईने रेडिओकडे बघितलं, मग त्यांच्या धुळकट शर्टाकडे.

"तो तिकडे ठेवा," ती म्हणाली. "आणि आधी हात धुऊन जेवून घ्या. बसून."